विंडोज आणि उबुंटू: एकाच ड्राइव्हवर की दोन वेगळ्या ड्राइव्हवर?

एकाच संगणकावर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स परिवारातली प्रणाली) दोन्ही ठेवायचे ठरले, की पहिला प्रश्न जागेचा येतो: आहे त्याच ड्राइव्हचे भाग पाडायचे, की उबुंटूसाठी दुसरा एसएसडी घ्यायचा?

एका ड्राइव्हच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा खर्चाचा आहे, आणि ज्या लॅपटॉपमध्ये एम.२ चा (पट्टीसारखा एसएसडी बसवण्याचा) एकच स्लॉट असतो तिथे तर निवडीला फारसा वावच उरत नाही. मात्र या मांडणीत दोन्ही प्रणालींचे बूटलोडर (संगणक लावताच प्रणाली सुरू करणारे छोटे प्रोग्राम) सहसा एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे ड्राइव्हवर त्यांच्यासाठी राखलेल्या भागात, नांदतात, जे विंडोजने अनेकदा जेमतेम १०० एमबीचे केलेले असते. पुढे उबुंटूला जागा कमी पडली तर पार्टिशन सरकवण्याचे जोखमीचे काम करावे लागते, आणि ड्राइव्हच बिघडला तर दोन्ही प्रणाली एकदम हातच्या जातात.

डेस्कटॉप असेल तर मी निःसंकोचपणे दोन ड्राइव्ह सुचवेन. संगणक सुरू होताना एफ१२, एफ११ किंवा त्या मदरबोर्डची जी कळ असेल ती दाबून हवी ती प्रणाली निवडता येते, आणि विंडोज पुन्हा नव्याने टाकायची वेळ आली तरी उबुंटूच्या ड्राइव्हला हात लावावा लागत नाही. पण हा फायदा आपोआप मिळत नाही. इन्स्टॉल करताना दुसरा ड्राइव्ह निवडला तरी उबुंटूचा बूटलोडर ग्रब कित्येकदा विंडोजच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसतो. मग दिसायला ड्राइव्ह दोन, पण विंडोजचा काढला की उबुंटूही सुरू होत नाही. म्हणून वीज बंद करून, एम.२ चा तो इवलासा स्क्रू सोडवून विंडोजचा ड्राइव्ह बाहेर काढावा, उबुंटू टाकावे आणि मगच तो परत बसवावा. दहा मिनिटांचे हे काम कृपया टाळू नका.

काही अडचणी मात्र ड्राइव्ह वेगळे करूनही सुटत नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह बूटलोडर चालू देणारी सुरक्षा सोय) चालू असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना, कारण तो बदल ड्राइव्हवर नव्हे, तर मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नोंदला गेला होता. घड्याळाचेही तसेच आहे: उबुंटू हार्डवेअर घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ मानते, त्यामुळे भारतात विंडोज साडेपाच तास मागे दिसू लागते. उबुंटूला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की हे थांबते. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही (पूर्ण बंद न होता पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याची सोय) दोन्ही मांडणींत बंद करावे, अन्यथा उबुंटूमधून विंडोजच्या फायलींत लिहिता येत नाही.

यांतले काहीही करण्यापूर्वी बिटलॉकर (ड्राइव्हवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे, आणि असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून संगणकाबाहेर ठेवावी.