ताराबाईंची लेखणी की रमाबाईंचं सदन?

१८८२ साली पुण्यात ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं गेलं आणि त्याच वर्षी, त्याच शहरात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. दोघी बाईच्या हक्कासाठीच झगडल्या, पण वाटा अगदी वेगळ्या.

ताराबाई बुलढाण्याच्या, सत्यशोधक घरातल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, वर्तमानपत्रांत सगळ्या स्त्रीजातीलाच दूषणं दिली गेली, तेव्हा त्या संतापून लिहायला बसल्या. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का? बायको मेली की तुम्ही दुसरी करायला मोकळे, मग विधवेलाच का कोंडता? शास्त्रांची, देवांची, कुणाचीच भीड त्यांनी ठेवली नाही. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही, आणि हेही १९७५ पर्यंत जवळजवळ विस्मृतीतच होतं.

रमाबाईंनी मात्र संस्था बांधल्या. शिक्षणासाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका मागितल्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन. ख्रिस्ती धर्मांतराच्या वादात पुण्यातले पाठीराखे दुरावले, तरी दुष्काळाने पोळलेल्या कितीतरी मुलींना केडगावात छप्पर मिळालं.

आसऱ्याच्या हिशेबात रमाबाईच मोठ्या. विचाराच्या धारेत मात्र मला ताराबाई पुढे वाटतात. रमाबाईंचं १८८२चंच 'स्त्रीधर्मनीति' बाईला कसं वागावं ते शिकवत होतं, ताराबाईंनी पुरुषालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.