डिझेल रिमॅप : आठ महिने, एक क्लच प्लेट आणि नागपूरचा मे

गाडी ह्युंदाई वर्ना 1.6 सीआरडीआय, व्हीजीटी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारा, हलत्या पात्यांचा), सहा गियरची मॅन्युअल, बीएस4. कंपनीचा आकडा 128 पीएस ताकद आणि 260 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ. रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं, नोव्हेंबरात 74,000 किलोमीटरवर झाला, आता जुलैत मीटर 85,600 वर आहे. मधल्या काळात शहरातली रोजची गर्दी, समृद्धी, चिखलदऱ्याचा घाट आणि मुख्य म्हणजे अख्खा उन्हाळा झाला. नोव्हेंबर-डिसेंबरात चार दिवस गाडी फिरवून लिहिलेले अनुभव नागपूरकरांच्या फारसे कामाचे नसतात. थंडीत इथे कोणतीही डिझेल पळते.

आधी शब्दांचा घोळ. जुन्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, मेमरीची चिप खरोखर काढून दुसरी बसवायचे, म्हणून 'चिप केली' हा शब्द राहिला. आज त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक ट्यूनिंग बॉक्स, दुसरा रिमॅप. दोन्हींना 'पिकअप वाढवतो' एवढंच सांगून विकतात, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साधा बॉक्स कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये घुसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, नोझल तेवढाच वेळ उघडतात, पण वाढलेल्या दाबामुळे डिझेल जास्त जातं. टर्बोला या व्यवहाराची खबर नसते. डिझेल वाढलं, हवा तेवढीच, म्हणजे धूर. वर पंप आणि नोझल कंपनीने ठरवलेल्या दाबापुढे चालतात आणि ईसीयूला ते दिसतच नाही, त्यामुळे संरक्षण उशिरा लागतं. बॉक्स लावल्यावर ॲव्हरेज वाढला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याचं कारण साधं आहे : डॅशबोर्डवरचा ॲव्हरेज ईसीयू स्वतः पाठवलेल्या डिझेलवरून काढतो आणि बॉक्सने त्यालाच फसवलेलं असतं. या गाडीवर साधारण 12,000 रुपयांचा बॉक्स तीन आठवडे होता. स्क्रीन लिटरला 21 दाखवत होती, टाकी ते टाकी हिशेब 18.5 निघाला. बॉक्सची बाजू एवढीच, की दहा मिनिटांत काढता येतो. तो काढावाच.

रिमॅपमध्ये ईसीयूतली फाइल वाचून तिच्यातले तक्ते बदलतात : पेडल किती दाबल्यावर किती टॉर्क मागायचा, टॉर्कची कमाल मर्यादा, टर्बोचं बूस्ट (हवेचा वाढीव दाब), रेलचा दाब, डिझेल सोडण्याची वेळ आणि अवधी, आणि धुराची मर्यादा. हे सगळं एकमेकांशी जुळवून बदललं तर रिमॅप. नुसता टॉर्कचा आकडा वाढवून बाकीचे अडथळे मोकळे सोडले तर तो महागडा बॉक्सच.

नागपुरात सगळ्यात महत्त्वाची ती धुराची मर्यादा, म्हणजे स्मोक लिमिटर. इथे थोडं थांबून आकडे पाहा. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला साधारण 14.5 ग्रॅम हवा लागते, पण प्रत्यक्षात धूर नको असेल तर 18 च्या आसपास ठेवावी लागते. समजा जोरात पेडल दाबलंय, इंटरकूलरनंतरची (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीनंतरची) हवा 35 अंशांवर आहे आणि एका सिलिंडरला एका फेरीत 840 मिलिग्रॅम हवा मिळतेय. 18 ने भागलं की सुमारे 46.5 मिलिग्रॅम डिझेल बिनधुराचं जळेल. हीच गाडी मे महिन्यात दुपारी दोनला, बाहेर 45 अंश असताना, गर्दीतून निघाली की इंटरकूलरनंतरची हवा 65 अंशांवर असते. बूस्ट तेवढंच, पण तापलेली हवा विरळ, म्हणून तेवढ्याच जागेत 765 मिलिग्रॅमच मावते. आता फक्त 42.5 मिलिग्रॅम डिझेल चालेल. फाइलने तरीही 46.5 टाकलं तर प्रमाण साडेसोळाच्याही खाली येतं आणि मागे काळा पडदा उभा राहतो. धुरासोबत एक्झॉस्टचं तापमानही चढतं आणि ते टर्बोच्या माथी जातं.

कंपनीच्या फाइलमध्ये मास एअर फ्लो सेन्सरने मोजलेली हवा पाहून ईसीयू डिझेल आपोआप आवरतो. आळशी ट्यूनर हा लिमिटर पार वर नेऊन ठेवतात, कारण त्यामुळे डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा छान येतो. म्हणून ट्यूनरला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा : स्मोक लिमिटर हवेच्या वजनाशी बांधलेला ठेवलाय की उघडा सोडलाय? उत्तर देताना तो 'भाऊ, गाडी उडते' यावर आला, तर चहा पिऊन निघून या.

या गाडीची पहिली फाइल नेमकी तशीच होती. 330 न्यूटन-मीटरचा दावा, डिसेंबरात झकास, मार्चअखेर वर्धा रोडच्या सिग्नलवर मागचा दुचाकीवाला 'काळा धूर मारून राहिली तुमची गाडी' म्हणून सांगून गेला. तरी पीयूसीत पास! याचं आश्चर्य वाटू नये. पीयूसीवाला गाडी न्यूट्रलला ठेवून रेस करतो, त्या वेळी इंजिनवर ओझं नसतं. बीएस4 डिझेलसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा 1.62 प्रति मीटर आहे आणि उघडा सोडलेला रिमॅपही तिच्यातून सहज सुटतो. खरा धूर तिसऱ्या-चौथ्या गियरला, 1,700 ते 2,000 आरपीएमवर, पूर्ण पेडल दाबल्यावर दिसतो. मागच्या गाडीतून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, तीच खरी चाचणी.

एप्रिलमध्ये फाइल दुरुस्त झाली. कमाल टॉर्क 300 वर आणला, 1,800 आरपीएमच्या खाली वाढ फार हळू चढेल अशी केली, बूस्टची वाढ स्टॉकपेक्षा (कंपनीच्या मूळ फाइलपेक्षा) सुमारे 0.15 बारपर्यंतच ठेवली, स्मोक लिमिटर परत हवेशी बांधला. उन्हाळ्यात बूस्ट आणखी वाढवून हवा भरून काढायचा मोह ट्यूनरला होतो. तो टाळलेला बरा, कारण विरळ गरम हवेत तेवढंच बूस्ट द्यायला टर्बोला आधीच जास्त वेगाने फिरावं लागतं. नतीजा असा : मे महिन्याच्या भर दुपारी ही गाडी स्टॉकपेक्षा जेमतेम वेगळी वाटते. सकाळी सातला फरक स्पष्ट कळतो. रिमॅप नीट झाल्याची खूण मी हीच मानतो.

क्लचचं प्रकरण वेगळं. पहिल्या फाइलवर चौथ्या महिन्यात पाचव्या-सहाव्या गियरला सुमारे 2,000 आरपीएमवर पूर्ण पेडल दिलं की आरपीएमचा काटा वर पळायचा, वेग मात्र तिथेच. क्लच मूळचाच होता, म्हणजे तो कधीतरी जाणारच होता, रिमॅपने तारीख अलीकडे ओढली. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून 16,000 रुपये. तपासणी आधीच करता येते : मोकळा सपाट रस्ता, चौथा गियर, 1,500 आरपीएम, एकदम पूर्ण पेडल. काटा आणि वेग सोबत चढले तर ठीक. काटा वेगाला सोडून पुढे गेला तर आधी क्लच, मग रिमॅप. ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील) असलेल्या गाडीत हा खर्च बराच मोठा होतो, तेव्हा बेतात राहा. फोक्सवॅगन-स्कोडाचा कोरड्या क्लचचा सात स्पीड ऑटोमॅटिक गियरबॉक्स डीएसजी, म्हणजे डीक्यू200, मुळात 250 न्यूटन-मीटरसाठीच केलेला आहे आणि 1.5 टीडीआय तेवढा टॉर्क स्टॉकमध्येच देतं. तिथे वाढवायला जागाच नाही.

1.3 मल्टिजेट, म्हणजे स्विफ्ट-डिझायरमधल्या फियाटच्या डिझेल इंजिनवाल्यांसाठी दोन ओळी, कारण नागपुरात त्याच गाड्या जास्त. 75 पीएस, 190 न्यूटन-मीटरच्या इंजिनात साधा टर्बो आहे, 90 पीएसच्यात व्हीजीटी. साध्या टर्बोत 1,800 च्या खालचा लॅग, म्हणजे टर्बो जोर धरेपर्यंतचा उशीर, रिमॅपने जात नाही. त्या आरपीएमला टर्बो फिरवण्याएवढा एक्झॉस्टच नसतो, फाइल काय करणार? लॅगनंतरचा झटका मात्र मोठा होतो. गर्दीत तो त्रासच आहे.

रिमॅपच्या आधी गाडी निरोगी हवी, नाहीतर आजार दुप्पट होऊन बाहेर येतो. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून साफ, नोझलची रिटर्न टेस्ट, म्हणजे नोझलमधून परत येणारं डिझेल मोजणं. रिटर्न टेस्टमध्ये चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं यायला हवं, एकीत दुप्पट आलं तर तो नोझल आधी पाहा. स्कॅनरवर चारही सिलिंडरची करेक्शन (ईसीयू प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) एकमेकांच्या जवळ हवीत. मग इंटरकूलरचे होज. ते हाताने वाकवून, क्लॅम्पखालची बाजू उघडून पाहा, इथल्या उन्हात रबर तिथेच तडकतं. या गाडीचा एक होज फेब्रुवारीत क्लॅम्पपाशी फाटला : सुस्कारल्यासारखा आवाज, ताकद गायब, थोडा धूर, आणि कोड पी0299, म्हणजे बूस्ट कमी. असा कोड आला की बरेच गॅरेजवाले थेट टर्बो बदलायला सांगतात. आधी होजवर साबणाचं पाणी मारा. उलट पी0234 आला, म्हणजे बूस्ट जास्त, तर व्हीजीटीच्या पात्यांत काजळी अडकलीये का ते पाहायचं.

फाइल चढवताना तीन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. मूळ फाइल तुमच्याच ईसीयूतून वाचलेली हवी, इंटरनेटवरून उतरवलेली 'सेम मॉडेल'ची नको. तिची प्रत पेनड्राइव्हवर मागा, सोबत सॉफ्टवेअर नंबरचा स्क्रीनशॉट. फ्लॅश चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय देणारा चार्जर लागलेला असावा. व्होल्टेज मधेच पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिला जातो आणि गाडीतून काढून बेंचवर उघडावा लागतो. 'ईजीआर बंद करून देतो, डीपीएफ (एक्झॉस्टची काजळी अडवणारा फिल्टर) काढून देतो' ही फुकटची ऑफर घेऊ नका. ईजीआर बंद करून जी तक्रार जाते ती तो साफ करूनही जाते, आणि बीएस6 गाडीचा डीपीएफ काढणं म्हणजे सरळ प्रदूषणाचं काम.

नंतरची तपासणी स्वस्तात होते. गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लावायचं ईएलएम327 चं ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप पुरतं. इंजिन बंद, इग्निशन चालू, अशा वेळी मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) 97-98 किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवं, कारण नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे. 110 किंवा 85 दिसत असेल तर सेन्सरवरच विश्वास नाही, पुढचे बूस्टचे आकडे पाहण्यात अर्थ नाही. मग चौथ्या गियरला एक पूर्ण पेडलची धाव, आणि मागितलेला व मिळालेला रेल प्रेशर सोबत नोंदवा. दोन रेषा एकमेकींपासून सुटत असतील तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. ट्यूनरच्या कागदावरचा आकडाही घरी तपासता येतो : न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले 7,024, आलं पीएस. 330 न्यूटन-मीटर 1,900 ला म्हणजे 89 पीएस. त्याच कागदावर त्याच आरपीएमला 110 लिहिलं असेल तर कागद रंगवलेला आहे.

डिझेलचा हिशेब टाकी ते टाकी, एकाच पंपावर, फेस बसू देऊन. शहरात आधी 14.5, आता 14. हायवेला 90-100 च्या वेगाने आधी 19.5, आता 20, म्हणजे फरक नाही असंच धरा. समृद्धीवर 120 च्या मर्यादेत सतत चाललं की 16.5. तेवढ्या वेगाला ॲव्हरेज हवाच खाते. समृद्धीवर कूलंट 90-92 ला स्थिर राहिलं, चिखलदऱ्याच्या घाटात मे महिन्यात एसी लावून 99 पर्यंत गेलं. ऑइल 10,000 ऐवजी 7,500 ला बदलायला लागलो आणि लांब धावेनंतर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच बंद.

कायदा न वाचता यात पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाला बाधा येईल असा बदल करू देत नाही, आणि 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला कळवलं नाही तर अपघातानंतर दावा अडू शकतो. वॉरंटीतली गाडी असेल तर विषयच नको. वॉरंटी संपलेली असली तरी सर्व्हिसला देताना 'सॉफ्टवेअर अपडेट करू नका' असं जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर एका क्लिकवर 28,000 चा रिमॅप पुसला जातो.

एक दुरुस्ती अजून बाकी आहे. पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर, दुसऱ्या गियरला 2,000 च्या पुढे, अर्ध्या पेडललाही पुढची चाकं घसरतात. पेडलचा तक्ता सुरुवातीलाच फार उतावळा केलाय. पेडल 30 टक्के दाबल्यावर स्टॉकएवढाच टॉर्क मागावा, वाढ त्याच्या पुढे द्यावी, असं ट्यूनरला लिहून दिलंय. तोवर पावसात दुसऱ्याऐवजी तिसरा गियर.