श्ट्राउस की श्टॉयबर: बव्हेरियाचा कोणता नेता अभ्यासाला घ्यावा?

प्रादेशिक आणि परंपरावादी पक्षाच्या नेत्याची कारकीर्द मुळातून अभ्यासायची, तर जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या सीएसयू (ख्रिश्चन सोशल युनियन) इतका सोयीचा पक्ष शोधून सापडणार नाही. सीएसयू बव्हेरियाबाहेर निवडणूक लढवत नाही, सीडीयू (ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन) हा देशभर पसरलेला मोठा भाऊ बव्हेरियात उमेदवार देत नाही, आणि केंद्रीय संसदेत दोघांचा गट मात्र एकच असतो. या पक्षातून फ्रान्स योझेफ श्ट्राउस आणि एडमुंड श्टॉयबर अशी दोन नावं समोर येतात. प्रबंधाला एकच घ्यायचं असेल, तर निवड नीट विचार करून करावी.

दोघांची वाट उलटी आहे. श्ट्राउस १९४९ मध्येच बॉनच्या, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या, केंद्रीय संसदेत गेले, १९५६ मध्ये संरक्षणमंत्री झाले, पुढे अर्थमंत्रीही झाले; बव्हेरियाचं मुख्यमंत्रीपद त्यांनी १९७८ मध्ये, म्हणजे साठी ओलांडल्यावर घेतलं. श्टॉयबर १९७४ मध्ये राज्याच्या विधानसभेत आले आणि तिथूनच चढत गेले: पक्षाचे सरचिटणीस, श्ट्राउस यांच्या मुख्यमंत्री कार्यालयाचे प्रमुख, गृहमंत्री आणि १९९३ पासून मुख्यमंत्री. केंद्रात मंत्रीपद त्यांनी कधीच भूषवलं नाही.

चॅन्सेलरपदाची, म्हणजे देशाच्या सरकारप्रमुखपदाची, उमेदवारी दोघांनाही मिळाली आणि दोघेही हरले. १९८० मध्ये श्ट्राउस तेव्हाचे चॅन्सेलर, सोशल डेमोक्रॅट पक्षाचे हेल्मुट श्मिट यांच्याकडून हरले. २००२ मध्ये श्टॉयबर यांच्या आघाडीला आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला प्रत्येकी ३८.५ टक्के मतं पडली. फरक जेमतेम सहा हजार मतांचा होता. बहुतेक लेखन इथेच रेंगाळतं. मला मात्र दोघांचं पदावरून जाणं जास्त शिकवणारं वाटतं.

'डेर श्पीगल' साप्ताहिकाच्या संपादकांना १९६२ मध्ये अटक झाली, त्या प्रकरणात श्ट्राउस यांची भूमिका उघडी पडली आणि संरक्षणमंत्रीपद गेलं. वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा तो आघात होता, आणि त्यांची बाजू घेण्याचं कारण मला दिसत नाही. पण पक्षाचं अध्यक्षपद त्यांच्याच हातात राहिलं, आणि १९६६ मध्ये ते केंद्रीय मंत्रिमंडळात परतले. श्टॉयबर यांचं उलट झालं. २००३ मध्ये त्यांनी विधानसभेत दोन तृतीयांश जागा जिंकल्या. त्यानंतर खर्चकपात आणि शालेय शिक्षणाचं एक वर्ष कमी करण्याची घाई यांनी लोक दुखावले. २००५ च्या शरदात अँगेला मेर्केल यांच्या मंत्रिमंडळात अर्थव्यवहार खातं त्यांच्यासाठी ठरलेलं असताना त्यांनी ऐनवेळी माघार घेतली आणि म्युनिकला परतले. ज्यांनी त्यांच्या जागेची तयारी चालवली होती, ते साहजिकच खट्टू झाले. जानेवारी २००७ मध्ये पक्षातल्याच दबावाखाली त्यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. विधानसभेतलं बहुमत त्यांना वाचवू शकलं नाही, कारण पक्ष हातातून निसटला होता.

केंद्राशी सौदा कसा होतो हा तुमचा विषय असेल, तर श्ट्राउस यांना पर्याय नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये बव्हेरियातल्या क्रॉयट इथे सीएसयूच्या खासदारांनी संयुक्त गट मोडायचं ठरवलं. 'मग आम्हीही बव्हेरियात उतरतो,' असा पवित्रा हेल्मुट कोल यांच्या सीडीयूने घेतला आणि काही आठवड्यांतच सीएसयूला निर्णय मागे घ्यावा लागला. प्रादेशिक पक्षाच्या ताकदीची सीमा इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. शिवाय १९८३ मध्ये या कडव्या साम्यवादविरोधकाने पूर्व जर्मनीला अब्ज मार्कांचं कर्ज मिळवून दिलं. त्यावर चिडलेल्यांनी बाहेर पडून वेगळा पक्ष काढला.

राज्य चालवणं हा विषय असेल, तर श्टॉयबर. सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून तो पैसा संशोधनसंस्था आणि तंत्रज्ञानाकडे वळवायचा, आणि परंपरेची भाषाही सोडायची नाही, हे त्यांचं सूत्र होतं. जुन्या मतदाराला न तोडता हे कसं साधलं, याचा अभ्यास कंटाळवाणा वाटला तरी फार मोलाचा आहे.

माझा कौल श्टॉयबर यांना. श्ट्राउस यांच्या बाबतीत व्यक्तिमत्त्वच एवढं मोठं आहे की पक्षयंत्रणा त्याआड लपते. श्टॉयबर यांच्याकडे पाहताना ती लख्ख दिसते. हाताशी एकच सत्र असेल तर २००३ ते २००७ ही चार वर्षं घ्या, आणि पार्श्वभूमी म्हणून १९७६ चं क्रॉयट प्रकरण आधी वाचून ठेवा.