मुलांचा वीज-प्रयोग संच : मीटर झकास, चिमटे भिकार

सातवीतल्या भाचीसाठी घेतला. संचाचा जीव मल्टिमीटरमध्ये, म्हणजे व्होल्ट, धारा (विजेचा प्रवाह) आणि रोध मोजणाऱ्या मीटरमध्ये आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीला १००० ओहमचा रोध जोडला की काटा ९ मिलिअँपिअरच्या आसपास थांबतो. रोध दुप्पट केला की धारा निम्मी. ओहमचा नियम पाठ करायची गरजच उरत नाही. लाल एलईडी लावला की मात्र हिशेब बिघडतो, कारण सुमारे २ व्होल्ट तोच खातो. पुस्तिकेत यावर अवाक्षर नाही! धारा मोजताना मीटर एकसरीतच, म्हणजे धारेच्या वाटेतच, जोडायचा, थेट बॅटरीच्या टोकांना लावला तर फ्यूज गेलाच समजा. ही सूचना शेवटच्या पानावर, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. चिमटे इतके ढिले की तार निसटते आणि पोरं बिचाऱ्या बॅटरीला बोल लावतात. तेवढे आधी बदला, मग खुशाल मुलांच्या हाती द्या.