सीएसआय टिपण्यासाठी कोणता राऊटर: तीन अँटेनांचा अथेरॉस की चार अँटेनांचा ब्रॉडकॉम?

आईच्या खोलीत कॅमेरा लावायचा नाही, हे आमच्या घरात एकमताने ठरलेले होते. मात्र रात्री ती पलंगावरून उठली तर शेजारच्या खोलीत मला कळावे, एवढी माझी गरज होती. त्यासाठी वायफायची चॅनेल स्टेट इन्फर्मेशन, म्हणजेच सीएसआय, टिपायची असे मी ठरवले आणि दोन प्रचलित मार्ग काही महिने वापरून पाहिले. पाठवणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत येताना सिग्नल कसा बदलला याची ही नोंद असते; खोलीत कोणी हलले की ती बदलते. हाच निर्णय ज्यांना घ्यायचा आहे, त्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे. इंटेल ५३०० कार्डाचा जुना मार्ग मी येथे विचारात घेतलेला नाही, कारण ते कार्ड लॅपटॉपमध्ये बसते आणि मला कोपऱ्यात ठेवून विसरता येईल असे उपकरण हवे होते.

पहिला मार्ग सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातून आलेल्या अथेरॉस सीएसआय टूलचा आहे. ते टीपी-लिंक डब्ल्यूडीआर४३०० सारख्या अथेरॉस चिपच्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरसाठीच्या खुल्या लिनक्स प्रणालीसोबत चालते. दुसरा मार्ग जर्मनीतील डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या सीमू प्रयोगशाळेतील नेक्समॉनचा आहे. तो आसुस आरटी-एसी८६यू या राऊटरच्या ब्रॉडकॉम चिपचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, बदलून काम करतो. दोन्ही मॉडेले आता जुनी झाली असल्याने बहुधा वापरलेलीच मिळतील. तेव्हा घेताना नावाशी मिळतेजुळते दुसरे मॉडेल गळ्यात पडणार नाही, एवढे पाहावे.

अथेरॉसच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या खुल्या ड्रायव्हरवरच बेतलेला असल्यामुळे आत काय चालले आहे ते वाचून समजते. राऊटर सीएसआय नोंदवत असतानाही नेहमीप्रमाणे अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून काम करत राहतो. तिन्ही अँटेना बाहेर असून काढता येतात, त्यामुळे केबल जोडून त्या हव्या त्या अंतरावर मांडता येतात. सिग्नल कोणत्या दिशेने येतो हे ज्यांना शोधायचे आहे, त्यांना अँटेनांमध्ये अर्धी तरंगलांबी, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या वरच्या चॅनेलांवर सुमारे २.६ सेंटिमीटर, अंतर नेमके राखावे लागते. अशांना मी आजही हाच राऊटर सुचवेन.

मर्यादा बँडविड्थची आहे. हे उपकरण ८०२.११एन पिढीचे असल्याने ४० मेगाहर्ट्झवर ११४ सबकॅरिअर (चॅनेलचे बारीक पट्टे, ज्यांची सीएसआय वेगवेगळी मिळते) मिळतात. नेक्समॉनमध्ये ८० मेगाहर्ट्झवर २५६ मिळतात आणि त्यांपैकी २४२ उपयोगाचे असतात. सिग्नल थेट किंवा भिंतींवर आपटून ज्या वेगवेगळ्या वाटांनी येतो, त्यांच्या लांबीतला फरक ओळखण्याची क्षमता बँडविड्थवर अवलंबून असते. ४० मेगाहर्ट्झला ती ढोबळमानाने साडेसात मीटर येते, तर ८० मेगाहर्ट्झला पावणेचार मीटर. आमच्या खोल्यांच्या मापात हा फरक लहान नाही. तरीही माझा निर्णय या आकड्यांवर झाला नाही.

निर्णय झाला तो पाठवणाऱ्या टोकामुळे. अथेरॉसची चिप ज्या एचटी (म्हणजे ८०२.११एन पद्धतीच्या) फ्रेमवर साउंडिंगची, म्हणजे ‘ही चॅनेल मोजण्यासाठी आहे’ अशी, खूण असते, त्याच फ्रेमची सीएसआय देते. घरातले फोन किंवा नेहमीचा वायफाय राऊटर अशा फ्रेम सहसा पाठवत नाहीत. म्हणून दुसऱ्या टोकालाही त्याच कुळातली चिप आणि त्याच टूलचा ड्रायव्हर असलेले यंत्र ठेवावे लागते. कागदावर ही साधी अट वाटते. मलाही तशीच वाटली होती. प्रत्यक्षात आईच्या खोलीत दोन राऊटर, दोन अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड आला. वीज जाऊन आली की दोन्ही यंत्रे आपापल्या वेळी सुरू होत. त्यांतले पाठवणारे मुकाट बसले, तर ऐकणारे काहीही तक्रार न करता रिकामी फाइल लिहीत राही. सलग तीन रात्री माझ्याकडे काहीच नोंदले गेले नाही आणि ते मला चौथ्या दिवशी सकाळी समजले. ज्या कामात एका माणसाच्या पडण्या-उठण्याची काळजी गुंतलेली आहे, तेथे पाठवणारे वेगळे यंत्र म्हणजे बिघडण्याची एक वाढीव जागा, असे माझे मत तेव्हापासून बनले आहे. प्रयोगशाळेत, जिथे दोन्ही टोके आपल्या हाताशी असतात, तिथे ही अट कदाचित जाणवणारही नाही.

नेक्समॉनमध्ये ही अट नाही. ज्या उपकरणाचे ऐकायचे त्याचा मॅक पत्ता, चॅनेल, बँडविड्थ, कोणते कोअर (चिपमधले एकेका अँटेनेमागचे रिसीव्हर) आणि कोणत्या स्पेशिअल स्ट्रीम (एकाच वेळी पाठवले जाणारे समांतर प्रवाह) हव्यात, एवढे मेक-सीएसआय-पॅराम्स या आज्ञेला सांगितले की ती एक सांकेतिक ओळ देते. ती ओळ नेक्समॉनच्याच नेक्सयूटिल या साधनामार्फत चिपकडे पाठवावी लागते. मी घरातल्या रोजच्या वायफाय राऊटरचा पत्ता दिला आणि एका लॅपटॉपवरून त्याला सेकंदाला पन्नास वेळा पिंग केले. त्याच्या उत्तरांची सीएसआय ५५०० या यूडीपी पोर्टवर येऊ लागली आणि आईच्या खोलीत एकच पेटी उरली.

या मार्गाच्या अडचणीही सांगायला हव्यात. सीएसआय टिपण्यासाठी मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे फक्त ऐकण्याच्या अवस्थेत, गेलेला राऊटर घराला इंटरनेट देत नाही; तो केवळ कान होऊन बसतो, म्हणजे इंटरनेटसाठी दुसरा राऊटर लागतोच. बदललेले ड्रायव्हर मॉड्यूल रीस्टार्टनंतर पुन्हा चढवावे लागते. माझ्याकडे हे काम लॅपटॉपवरची एक स्क्रिप्ट एसएसएचने (दुरून राऊटरवर आज्ञा चालवण्याच्या सोयीने) करते, आणि मिनिटभर पॅकेट आले नाही तर मला उठवते. चारही कोअरची माहिती चार वेगवेगळ्या पॅकेटांत येते. त्यातले एखादे गळाले तर तो संच अपुरा राहतो, म्हणून अनुक्रमांक जुळवून चारही सापडले तरच संच घ्यावा. सेकंदाला पन्नास फ्रेम धरल्या तर आठ तासांच्या रात्रीत सुमारे सहा जीबी जमा होतात. ते राऊटरवर न साठवता थेट लॅपटॉपकडे वाहू द्यावेत.

एक गोष्ट मात्र मला उशिरा उमगली. पाठवणाऱ्या राऊटरचे बीमफॉर्मिंग चालू असेल, तर तो आपला सिग्नल लॅपटॉपच्या दिशेने घडवून पाठवतो. मग बाजूला बसून ऐकणाऱ्या आपल्या पेटीला खोलीतला बदल कोणता आणि राऊटरने केलेला बदल कोणता, हे वेगळे करता येत नाही. बीमफॉर्मिंग बंद करून फक्त पहिली स्ट्रीम घेतल्यावर आईचे उठून बसणे आलेखात मला डोळ्यांनी ओळखू येऊ लागले. त्याआधी मी उगाचच गणिताला दोष देत होतो.

ज्यांना नेक्समॉन पटेल, त्यांनी मोजणी सुरू करण्यापूर्वी अर्धा तास आणखी द्यावा. या राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या चार अँटेनांपैकी तीन बाहेर आहेत आणि चौथी पेटीच्या आत आहे. बाहेरची एकेक अँटेना काढून कोणत्या कोअरची तीव्रता खाली येते ते लिहून ठेवावे. कोणत्याही अँटेनेने न हलणारा जो कोअर उरेल तो आतल्या अँटेनेचा. पेटीची कोणती बाजू पलंगाकडे करायची, हे त्या नोंदीवरून ठरवता येते.