बोट लागते? अ‍ॅव्होमिन, स्टुजेरॉन, पॅच की आलं, आणि त्याआधी केबिन कुठली

मुंबई-लक्षद्वीप क्रूझचं बुकिंग करायच्या आधी वहिनीचा फोन आला, "तुला बोट लागते ना, मग तू काय घेतेस?" तिच्यासोबत दादा, नऊ वर्षांचा मुलगा आणि तिच्या एकाहत्तर वर्षांच्या आई, चार रात्रींची ट्रिप. अर्धा तास बोलून पण सगळं सांगून झालं नाही म्हणून नीट लिहून काढतेय, उलट्यांच्या भीतीने ज्यांचं बुकिंग अडलंय त्या सगळ्यांसाठीच.

सगळे आधी गोळी कुठली ते विचारतात, पण मी सांगेन की आधी केबिन ठरवा, कारण गोळी निघायच्या आदल्या दिवशी पण आणता येते, केबिन एकदा बुक झाली की ती बदलणं अवघड आणि महाग. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तिला जहाज हलतंय ते कळतं, आणि डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती, पलंग, टीव्ही सगळं जागच्या जागी दिसतं, दोघांची खबर जुळत नाही आणि मेंदू गोंधळला की पोटात ढवळायला लागतं. त्यात सगळ्यात वाईट हेलकावा म्हणजे हळू वर-खाली होणारा, साधारण पाच सेकंदाला एक असा. जोरात आदळणाऱ्या लाटेपेक्षा हा संथ हेलकावा जास्त छळतो. आता सी-सॉ डोळ्यासमोर आणा, टोकाला बसलेलं पोर किती वर-खाली होतं आणि मधल्या दांड्यापाशी किती कमी, जहाजाचं पण तसंच, पुढचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं आणि मध्यभाग सगळ्यात कमी. शिवाय जहाज डावी-उजवीकडे पण झुलतं, ते जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते हे डावं-उजवं झुलणं बरंच कमी करतात, पण पुढचं-मागचं वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून मजला खालचा हवाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जहाजाच्या लांबीच्या मध्यावर.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे काही माहीत नव्हतं, मेच्या शेवटी गेलो आणि केबिन घेतली पुढच्या टोकाला वरच्या मजल्यावर, बाल्कनीवाली, फोटो छान येतील म्हणून. रात्री साडेअकराला कपाटातले रिकामे हँगर वाजायला लागले, टक टक टक, मग एक मोठा श्वास घेतल्यासारखा थांबा आणि परत टक टक टक. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी एका बाजूला चढायचं, उतरायचं. मी त्या ग्लासाकडे बघत बसले आणि तिथेच पहिला उमासा आला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आले तर भिंतीच्या कठड्यात जागोजागी कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या, म्हणजे त्रास होणारी मी एकटी नव्हते.

तर केबिनची तुलना अशी. बाल्कनीवाली बहुतेक वेळा वरच्या मजल्यांवर असते, मोकळी हवा आणि क्षितिज दोन्ही मिळतं पण झुलणं जास्त. आतली, बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त, खाली आणि मध्यावर मिळाली तर हलणं कमी, पण डोळ्याला बाहेरचं काहीच दिसत नाही त्यामुळे जागेपणी तिथे बसवत नाही, फक्त झोपायला ठीक. मधली खिडकीवाली, खालच्या मजल्यावर आणि मध्यभागी, माझं मत विचाराल तर बोट लागणाऱ्याने हीच घ्यावी, आणि बाल्कनीचे वाचलेले पैसे दुसरीकडे खर्च करावेत. बुकिंग करताना डेकचा नकाशा मागून घ्या आणि केबिन नंबर स्वतः बघून निवडा, "कुठलीही द्या" म्हणालात तर उरलेली टोकाची गळ्यात पडायची शक्यता असते.

महिन्याचं पण तेच. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडचा अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत, मे उतरणीला लागला की पाणी चाळवायला लागतं, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर मासेमारी बंदीच असते. आमची आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची, ती सांगायची की पावसाळ्याच्या तोंडावर बोटीत बसायचं नाही, आणि बसलंच तर उपाशीपोटी नाही आणि तुडुंब पोटाने पण नाही. हे आजही शंभर टक्के लागू आहे.

आता गोळ्या. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, या गोळ्या त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या असतात, सुरू झाल्यावर घेतली तर अर्धा उपयोग गेला, कारण मळमळ लागली की पोट पुढे सरकवणंच कमी करतं आणि गोळी तशीच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर.

अ‍ॅव्होमिन आपल्याकडे घराघरात माहीत आहे, घाटात गाडी लागते म्हणून पर्समध्ये असतेच. त्यात प्रोमेथाझिन असतं, २५ मिलिग्रॅमची गोळी, निघायच्या एक-दोन तास आधी, आणि लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना घेतली तरी चालते. जोरदार काम करते, अंतराळवीरांना होणाऱ्या त्रासावर सुद्धा हेच औषध वापरलं गेलंय. पण झोप खूप येते, तोंडाला कोरड पडते, दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड. संध्याकाळी जहाज सुटणार आणि रात्र झोपून काढायची असेल तर माझी पहिली पसंती हीच, पण दिवसा बेटावर उतरून स्नॉर्कलिंग करायचं असेल तर नको, पेंगत पाण्यात उतरणं धोक्याचं.

स्टुजेरॉन म्हणजे सिनारिझिन, हे चक्कर येते त्यांना डॉक्टर देतात ते. प्रवासाच्या दोन तास आधी घ्यावी लागते, अ‍ॅव्होमिनपेक्षा झोप कमी आणते, म्हणजे अजिबात नाही असं नाही, पण माणूस दिवसभर बऱ्यापैकी शुद्धीत असतो. दुकानात एक गोष्ट बघून घ्या, यात २५ची गोळी येते आणि ७५ची फोर्ट पण येते, प्रवासाला २५ची घेतात, नुसतं "स्टुजेरॉन द्या" म्हटलं आणि फोर्टचं पाकीट हातात आलं असं व्हायला नको. पार्किन्सन असलेल्यांनी ही घेऊच नये. मी स्वतः आता दिवसा ही घेते आणि रात्रीच्या प्रवासाला अ‍ॅव्होमिन, पण दोन्ही एकत्र कधीच नाही, दोन्ही झोप आणणाऱ्या आहेत, एकावर एक चढवायच्या नसतात, एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये किती वेळ ठेवायचा ते मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. आणि त्यावर दारू तर अजिबात नाही, हे क्रूझवर मुद्दाम सांगावं लागतं.

पॅच हा तिसरा पर्याय, कानामागे चिकटवायचा, स्कोपोलामिनचा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारी आपली मंडळी कॅरिबियन किंवा अलास्काच्या सात-सात दिवसांच्या क्रूझला जातात त्यांना हा सोयीचा, कारण एक पॅच ७२ तास चालतो, गोळीची वेळ लक्षात ठेवायची कटकट नाही. निघायच्या निदान चार तास आधी लावायचा. अमेरिकेत डॉक्टरची चिठ्ठी लागते, आपल्याकडे साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. काचबिंदू असेल किंवा लघवी अडकायचा त्रास असेल, म्हणजे प्रोस्टेटवाले काका लोक, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये, वयस्कर माणसांना यात गोंधळल्यासारखं पण होतं. आणि पॅच लावल्यावर हात साबणाने धुवायचे म्हणजे धुवायचेच, तो हात चुकून डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसायला लागतं. मुंबई-गोव्याच्या दोन रात्रींसाठी परदेशातून पॅच मागवायच्या भानगडीत पडू नका, गोळी पुरते.

बरेच जण बॅगेत ऑन्डानसेट्रॉन घेऊन येतात, पोट बिघडल्यावर किंवा केमोच्या उलट्यांवर देतात ती. बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, इथला त्रास कानातून सुरू होतो, त्याचा मार्ग वेगळा. तीच घेऊन निर्धास्त राहू नका.

मग घरगुती. आलं खरंच थोडं काम करतं, हलक्या मळमळीला, आणि झोप आणत नाही ही मोठी गोष्ट, आलेपाकाच्या वड्या डबीत भरून न्या, दर तासाला एक चघळा. आवळा सुपारी, लिंबू यांनी तोंडाला चव येते, उमासा जरा मागे हटतो, पण खवळलेल्या समुद्रात एवढ्यावर भागत नाही. मनगटाचे बँड, आतल्या बाजूला मनगटाच्या रेषेपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांवर दाबणारे, याबद्दल काही जण शपथेवर सांगतात, अभ्यासांचं मात्र एकमत नाही. अपाय काही नाही, म्हणून गरोदर बायकांनी, किंवा ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांनी जरूर वापरून बघावे, पण ज्याला मांडव्याच्या बोटीतसुद्धा त्रास होतो त्याने नुसत्या बँडवर विसंबू नये.

वहिनीच्या घरचं मी असं सांगितलं. दादाला काही होत नाही, त्याला काही नको. पोराची काळजी मात्र जास्त, कारण साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, दोनच्या आतल्या बाळांना जवळपास होतच नाही, आणि त्या बाळांना प्रोमेथाझिन द्यायचं पण नसतं. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची गोळी अर्धी करून अंदाजाने देऊ नका, वजन सांगून बालरोगतज्ज्ञांकडून डोस लिहून घ्या. तिच्या आईंना बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅव्होमिन नाही, रात्री पेंगत बाथरूमला उठल्या आणि जहाज हललं तर पडायची भीती मळमळीपेक्षा मोठी आहे. आणि ज्याने कुठलीही गोळी आजवर घेतलेली नाही त्याने आठवडाभर आधी घरी, सुट्टीच्या दिवशी एक घेऊन बघावी, किती झोप येते ते कळतं. ज्यांना मायग्रेन आहे त्यांनी तर तयारीनेच जावं, त्यांना बोट लागायची शक्यता जास्त.

एवढं करून पण लागलीच, तर केबिनमध्ये कोंडून घेऊ नका. मोकळ्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर या, जिथे समुद्र आणि आकाश मिळतात त्या रेषेवर नजर ठेवा, मोबाइल खिशात, पुस्तक बंद. उभं राहवत नसेल तर आडवं पडा, डोळे मिटा, डोकं हलू देऊ नका. पाणी एकदम ग्लासभर नाही, चमच्या-चमच्याने, इलेक्ट्रॉलचं पाकीट असलं तर उत्तम. कोरडा टोस्ट, खारी बिस्किटं, हिरवं सफरचंद, साधा मऊ भात, एवढंच. त्या दिवशी बुफेच्या हॉलमध्ये शिरू नका, तळणीचा वास आला की सगळं परत. त्या मेच्या ट्रिपला मला शेवटी डेकवरच बरं वाटलं, पहाटे चार वाजता चादर गुंडाळून खुर्चीवर बसले, उजाडलं, क्षितिज दिसायला लागलं आणि पंधरा मिनिटांत पोट शांत झालं.

काहीच पोटात टिकत नसेल तर जहाजावरच्या डॉक्टरकडे जा, इंजेक्शन देतात, पैसे वेगळे लागतात पण तिथे संकोच करू नका, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या बाबतीत, त्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. जास्त दिवसांच्या क्रूझवर मात्र एक दिलासा असतो, बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत त्या हलण्याला सरावतं. म्हणूनच दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये त्रासाचे दिवसच जास्त वाट्याला येतात, सरावेपर्यंत उतरायची वेळ होते. बोट लागणाऱ्याने दोन रात्रींची घ्यायची की चार, या प्रश्नाला मी चारच म्हणते, जानेवारीतली.

आणि बॅलार्ड पिअरला उतरल्यावर घरी आंघोळीला गेलात आणि डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना बाथरूम झुलल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत जातं. तेवढे दिवस गाडी चालवू नका, आणि महिनाभर तसंच राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या.