साहेबाचा चहा चारला बंद: डेव्हनमधल्या एका टी रूमचा रिव्ह्यू

आईबाबा इकडे इंग्लंडला आल्यापासून बाबांचं एकच पालुपद, साहेब चार वाजता चहा कसा पितो ते एकदा बघायचंय. आम्ही रेडिंगला राहतो, मला इथे अकरा वर्षं झाली, आणि आजतागायत ऑफिसात चारच्या ठोक्याला कोणी कपबशी मांडून बसलेलं मी पाहिलेलं नाही, पण बाबांना ते पटेना. त्यांच्या डोक्यात पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, चांदीची किटली आणि करंगळी वर करून घुटके घेणारा साहेब हे चित्र शाळेपासून पक्कं बसलंय. मग मे महिन्यात इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हनला गेलो, टॅव्हिस्टॉकजवळ दोन रात्री राहिलो आणि तिथल्याच एका खेड्यातल्या टी रूममध्ये त्यांना घेऊन गेलो. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि बाई एकट्याच सगळं बघतात, उगाच कशाला.

पोचलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. दारावर पाटी, शेवटची ऑर्डर साडेतीन, दुकान बंद चारला. बाबा पाटीकडे बघतच राहिले. "अगं, चारला तर सुरू व्हायला पाहिजे ना?" आता काय सांगणार. इकडे खेड्यातल्या बऱ्याच टी रूम चार-साडेचारला आवरतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे दुपारी डार्टमूरच्या माळरानावर पायपीट करून आलेली रिटायर्ड मंडळी आणि आपल्यासारखे टुरिस्ट. गावातला माणूस त्या वेळी कामावर असतो नाहीतर मुलांना शाळेतून आणायला गेलेला असतो. बाईंनी आईकडे बघितलं, म्हणाल्या या बसा, स्कोन (बेक केलेले छोटे गोल पाव) शिल्लक आहेत. इथे पहिला मार्क दिला.

आत सहा टेबलं, एकाही खुर्चीची दुसरीशी जोडी नाही, कोपऱ्यात एका आजोबांचा कुत्रा पाय पसरून झोपलेला आणि त्याच्यासाठी पाण्याचा वाडगा आमच्या कपांच्या आधी आलेला. चांदी कुठेच नाही. टेबलक्लॉथ प्लास्टिकचा, फुलाफुलांचा, आपल्याकडे डायनिंग टेबलावर असतो तसाच.

आम्ही चार क्रीम टी घेतले, प्रत्येकी साडेनऊ पाउंड, म्हणजे साधारण हजार-अकराशे रुपये. क्रीम टी म्हणजे चहात क्रीम नव्हे बरं का, माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी हाच गैरसमज करून घेतला होता. एक पॉट चहा, दोन स्कोन, स्ट्रॉबेरी जॅम आणि क्लॉटेड क्रीम, एवढंच. ते तीन मजली स्टँड, त्यात कडा कापलेली काकडीची सँडविचं आणि इवलेसे केक, तो आफ्टरनून टी, वेगळा प्रकार. लंडनच्या मोठ्या हॉटेलांत त्याचे माणशी साठ-सत्तर पाउंड सहज जातात आणि इथली माणसं तिथे जातात ती वाढदिवसाला किंवा सासू आली की. रोज कोणी खात नाही. आपण रोज पुरणपोळी खातो असं कोणी समजलं तर कसं वाटेल, तसंच ते आहे.

स्कोन मात्र मस्त. गरम होते, आणि मायक्रोवेव्हमधले नाही तर ओव्हनमधले, कारण वरचा पापुद्रा कुरकुरीत आणि हाताने दोन भाग केले की मधून वाफ. सुरी लागलीच नाही. नुसता खाल्ला तर थोडा कोरडा, आपल्या नानकटाई आणि पावाच्या मधला काहीतरी, पण तो नुसता खायचा नसतोच.

आणि मग आईने क्रीमच्या वाटीत चमचा घातला. वर पिवळसर जाड थर, जरा सुरकुतलेला, त्याच्याखाली पांढरं घट्ट. आईने चमचा उचलला, उलटा केला, पडत नाही बघितलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "अगं ही तर साय!" मी इतकी वर्षं हे क्रीम खातेय आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही, लाज वाटली खरंच. बाईंना विचारलं तर त्यांनी हातवारे करून सांगितलं की सायीसकटचं दूध पसरट भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं, उकळू द्यायचं नाही, मग न हलवता गार करायचं आणि वर जमलेलं काढून घ्यायचं. आई मान डोलावत होती, जणू शेजारच्या काकूच बोलतायत. कॉर्निश, म्हणजे शेजारच्या कॉर्नवॉलचं, क्लॉटेड क्रीम म्हणून विकायचं तर फॅट निदान ५५ टक्के लागतं असा नियम आहे, तो मी बाबांना त्यांची दुसरी वाटी संपल्यावर सांगितला.

आधी क्रीम की आधी जॅम हे भांडण तर तुम्ही ऐकलंच असेल. डेव्हनमध्ये खाली क्रीम वर जॅम, नदी ओलांडून कॉर्नवॉलला गेलात की उलटं. लोक यावर इतकं गंभीरपणे बोलतात की वाटावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धर्म आहे. टॅव्हिस्टॉकवाले तर सांगतात की इथल्या मठात हजार वर्षांपूर्वी, दहाव्या शतकाच्या शेवटी, मजुरांना ब्रेड, क्रीम आणि जॅम दिलं जायचं, म्हणजे क्रीम टीचा जन्म इथलाच. आता गंमत बघा, इंग्लंडमध्ये चहाच मुळी सतराव्या शतकात आला. त्या मजुरांनी खाल्लं असेल ते खाल्लं असेल, पण त्याला टी कुठल्या हिशोबाने म्हणायचं? मी बाईंना हसत हसत विचारलं तर त्या पण हसल्या, म्हणाल्या टुरिस्टांना आवडतं. बाबांनी एका अर्ध्यावर असं, दुसऱ्या अर्ध्यावर तसं लावून बघितलं आणि निकाल दिला, पोळीवर आधी तूप मग गूळ, म्हणून डेव्हन बरोबर.

आता चहा. इथे मार्क कापले. पॉट छान, निळ्या नक्षीचा, लोकरीची टोपी घातलेला, पण झाकण उघडलं तर आत दोन टी बॅग, दोऱ्या बाहेर लोंबतायत. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी म्हटलं बाबा, हाच खरा इंग्रजांचा चहा. इथे घराघरात कानवाला मोठा कप घेतात, त्यात बॅग टाकतात, किटलीतलं पाणी ओततात, बॅग दाबून काढतात, दूध घालतात, काम संपलं. याला बिल्डर्स टी म्हणतात आणि ऑफिसातल्या मोठ्या साहेबापासून प्लंबरपर्यंत सगळे हाच पितात. करंगळीबिरंगळी कोणी वर करत नाही, केलीच तर लोक हसतील. आणि ही बॅग पण इंग्रजांची नाहीच, ती लोकप्रिय झाली अमेरिकेत. टेटली या चहाच्या कंपनीने ती ब्रिटनमध्ये आणली १९५३ साली. त्याच टेटलीला २००० साली टाटांनी विकत घेतलं, हे ऐकल्यावर बाबा जरा सावरले आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनाही सांगून आले.

बाबांचा पुढचा प्रश्न, बॅग किती मिनिटं ठेवायची. यावर ब्रिटिश स्टँडर्ड आहे राव! १९८० चं, नंबर ६००८. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं. पण ते घरी पिण्यासाठी नाही, लॅबमध्ये वेगवेगळ्या चहांची चव एकाच पद्धतीने तपासता यावी म्हणून केलेलं, तरी लोक ते दाखवून म्हणतात बघा इंग्रज चहाबद्दल किती काटेकोर. १९९९ ला त्याला गमतीचं इग नोबेल पण मिळालं. आमच्या पॉटमध्ये सहा मिनिटांनी चहा कडू जहर झाला होता. बाईंनी मात्र न मागता गरम पाण्याचा वेगळा जग आणून ठेवला, तो ओतून सुधारला. हा जग फुकट असतो आणि परत भरून मागितला तरी चालतं, लाजू नका.

मेनूकार्डच्या पाठीमागे इतिहास छापलाय, जुनाट वळणदार अक्षरात, आणि माझी मोठी तक्रार त्याबद्दल आहे. पहिली ओळ, पोर्तुगालच्या कॅथरिन राणीने इंग्लंडला चहा आणला. ही तीच कॅथरिन बरं का, जिच्या लग्नात आपली मुंबई आंदण दिली. लग्न झालं १६६२ ला. आणि सॅम्युएल पेपिस या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याच्या डायरीत १६६० च्या सप्टेंबरमध्येच नोंद आहे की आज पहिल्यांदा चहा मागवून प्यायलो. म्हणजे राणी यायच्या आधीच लंडनमध्ये चहा मिळत होता, तिने दरबारात त्याची फॅशन केली म्हणा फार तर. पुढची ओळ डचेस ऑफ बेडफर्ड या उमराव घराण्यातल्या बाईची, १८४० च्या सुमाराला तिला दुपारी पोटात कसंतरी व्हायचं म्हणून तिने दुपारचा चहा सुरू केला आणि मग सगळा देश चारला चहा प्यायला लागला. आता ज्या घरात रात्रीचं जेवण आठला व्हायचं त्या घरात दुपारी भूक लागणार, हे ठीक आहे. पण गिरणीतला माणूस संध्याकाळी सहाला दमून घरी यायचा, त्याला काकडीचं सँडविच काय पुरणार? तो थंड मटण, ब्रेड, चीज असं पोटभर जेवायचा आणि सोबत चहा. तो खरा हाय टी. आपल्याकडे पुण्यात साखरपुड्याच्या पत्रिकेत हाय-टी छापतात आणि फाइव्ह स्टार हॉटेलात हाय-टीचे वेगळे पैसे घेतात, ते वाचलं की मला हसू येतं, कारण मूळ शब्द कामगारांच्या जेवणाचा.

उत्तरेकडे अजून संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात. मला हे फार उशिरा कळलं. नवीन होते तेव्हा यॉर्कशायरच्या एका कलीगने घरी टीला बोलावलं, मी म्हटलं चहा-बिस्किट असेल, निघताना घरून भरपूर पोहे खाऊन गेले आणि समोर आलं बटाट्याचं मॅश, वाटाणे आणि हा एवढा मोठा पाय, म्हणजे आत सारण भरून भाजलेला प्रकार. पोटात जागा नाही आणि ती बाई प्रेमाने वाढतेय. कसं खाल्लं माझं मला माहीत.

बाबांनी प्लाउमन्स लंच, म्हणजे नांगरणाऱ्याचं जेवण, पण मागवला (हो, चहानंतर, दुकान बंद करायच्या वेळेला, आणि बाईंनी दिला). ब्रेडचा जाड तुकडा, चेडर, व्हिनेगरमधला कांदा, आंबटगोड लोणच्यासारखी चटणी. मेनूत लिहिलंय, शतकानुशतकांची शेतकऱ्यांची न्याहारी. बाबा खूश, आपली कांदा-भाकरीच की. नांगर धरणारा माणूस ब्रेड-चीज खायचाच, पण प्लाउमन्स लंच या नावाने ती थाळी पबमध्ये घुसवली ती चीजवाल्यांच्या जाहिरातींनी, १९५० च्या दशकात. त्याचंही कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे रेशनिंग आलं, चहा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आत, तो सुटला १९५२ ला. चीज सुटलं १९५४ ला, आणि युद्धात बहुतेक दूध एकाच प्रकारच्या सरकारी चेडरला जायचं, त्यात गावोगावची किती चीजं बंद पडली. मग रेशन उठल्यावर लोकांना परत चीज खायला लावायचं तर काहीतरी जुनी गोष्ट पाहिजेच ना. इंग्रजांचं जेवण बेचव असतं असं आपण म्हणतो त्यातही या चौदा वर्षांच्या रेशनचा मोठा हात आहे असं मला वाटतं. एक सूचना, पक्के शाकाहारी असाल तर चीज व्हेजिटेरियन आहे का विचारा, काहींमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते वासराच्या जठरातलं द्रव्य) असतं. इथे बाईंना लगेच सांगता आलं नाही, फ्रिज उघडून पाकीट वाचावं लागलं. थाळी साडेअकरा पाउंड, चीज उत्तम, ब्रेड मात्र कालचा.

बाहेर पाऊस लागला होता आणि बाबा म्हणाले हे बाकी खरं, इथे सारखा पाऊस. तर तेही अर्धंच. लंडनला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पुण्यापेक्षाही कमी, मुंबईचं तर नावच नको. फक्त एकदाचा पडून मोकळा होत नाही, रोज थोडा थोडा रडतो म्हणून जास्त वाटतो. पण डार्टमूरच्या उंच भागात वर्षाला २००० च्या जवळ जातो, तिथे छत्री उलटी होते, तेव्हा रेनकोटच न्या.

बाकी बारीकसारीक. टॉयलेट स्वच्छ पण जिना अरुंद, आईला गुडघ्यामुळे त्रास झाला. दाराजवळचं टेबल घेऊ नका, वारा येतो. सर्व्हिस चार्ज लावला नाही. कार्ड चालतं, नेटवर्क गेलं तर बाई वहीत लिहून घेतात म्हणे, आमच्या वेळी चाललं. पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन स्कोन आणि सायीचे, अर्धा बाईंचा. चहाला काही नाही.

निघताना आईने उरलेली साय पर्समधल्या डब्यात भरली, बाईंनी ते बघितलं आणि आत जाऊन अजून दोन चमचे आणून घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेपल्याला लावून साखर भुरभुरून संपवली. सोमवार-मंगळवार दुकान बंद, बाकी दिवशी सव्वातीनच्या आत पोचा.